वस्तीतली अक्षरे जगाच्या भाषेत

नागपूरच्या आंबेडकरी लेखणीचा इंग्रजीकडे झालेला प्रवास आणि आपल्या घरांवर आलेली जबाबदारी

बाबुराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह १९६३ साली प्रसिद्ध झाला. इंग्रजी वाचकाच्या हाती तो पडला २०१८ साली. मध्ये पंचावन्न वर्षे गेली आणि बागूल २००८ सालीच आपल्यातून गेले होते. दया पवार यांचे ‘बलुतं’ १९७८ सालचे. त्याचे इंग्रजी पुस्तक २०१५ साली निघाले, तेव्हा दया पवारांना जाऊन जवळजवळ एकोणीस वर्षे झाली होती. मराठी साहित्याला ज्यांनी मुळापासून हलवले त्यांची ही कथा. मग जिल्ह्याच्या गावी, तालुक्याला, कामगार वस्तीत बसून ज्यांनी लिहिले त्यांची काय कथा असेल, याचा विचार वाचकांनीच करावा.

आता काळ पालटला आहे. गेल्या वीस वर्षांत संगणकावर आणि मोबाइलवर वाचायची वाङ्मयीन नियतकालिके निघाली आहेत. त्यांतली काही खास आपल्या देशातल्या निरनिराळ्या भाषांतले लेखन इंग्रजीतून वाचकांपुढे ठेवण्यासाठीच निघाली. त्यांना छापखाना लागत नाही, कागद लागत नाही, टपालखर्च लागत नाही. इंदोऱ्यात किंवा पाचपावलीत बसून केलेले भाषांतर दुसऱ्या दिवशी लंडनचा वाचक वाचू शकतो. ही आपल्या समाजाच्या दृष्टीने लहान गोष्ट नाही. परंतु या सोयीबरोबर काही प्रश्नही आपल्या दारात आले आहेत. आपले लेखन इंग्रजीत कोण नेतो? कोणत्या शब्दांत नेतो? आणि ते नेऊ शकेल अशी आपली मुलेबाळे आपण घडवतो आहोत का? या प्रश्नांचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

बाबासाहेबांच्या दोन भाषा

आपल्यापैकी काही मंडळी म्हणतात, ‘मराठी आपली, इंग्रजीचे एवढे कौतुक कशाला?’ काही जण याच्या उलट म्हणतात, ‘मराठीत आता काय ठेवले आहे, मुलांना इंग्रजीच येऊ द्या.’ या दोघांनीही परमपूज्य बाबासाहेबांच्या लेखणीकडे एकदा पाहावे.

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’ निघाला, तो मराठीत. ‘बहिष्कृत भारत’ १९२७ साली, ‘जनता’ १९३० साली, ‘प्रबुद्ध भारत’ १९५६ साली, ही सारी पत्रे मराठीत. कारण ज्यांना जागे करायचे होते त्यांची भाषा मराठी होती. परंतु सरकारपुढे, विद्वानांपुढे आणि जगापुढे आपले म्हणणे मांडायचे झाले तेव्हा बाबासाहेबांनी इंग्रजी हाती घेतली. ‘जातिनिर्मूलन’ म्हणून आपण ज्याला ओळखतो ते १९३६ सालचे भाषण मूळ इंग्रजीत आहे. लाहोरच्या मंडळाने ते होऊ दिले नाही, तेव्हा बाबासाहेबांनी ते स्वखर्चाने छापले. पंधराशे प्रती दोन महिन्यांत संपल्या. दुसऱ्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत बाबासाहेबांनी नोंदवले आहे की, गुजराती आणि तमिळमध्ये त्याचे भाषांतर झाले असून मराठी, हिंदी, पंजाबी आणि मल्याळममध्ये होत आहे. म्हणजे विचार इंग्रजीत गेला आणि तिथून देशाच्या भाषांमध्ये परत आला.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ हा ग्रंथ आज आपल्या घराघरांत आहे. वर्षावासात त्याचे वाचन होते. तो ग्रंथही बाबासाहेबांनी इंग्रजीत लिहिला आणि त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली तो प्रकाशित झाला. आपण मराठीत वाचतो ते भाषांतर. हिंदी भाषांतर केले ते भदंत आनंद कौसल्यायन यांनी, ज्यांच्या आयुष्याची अखेरची वर्षे आपल्या नागपुरात गेली. तेव्हा भाषांतर हा परक्यांचा उद्योग आहे असे आपल्या समाजाने तरी म्हणू नये. आपली सकाळची वंदना पालीत, ग्रंथ मूळचा इंग्रजी आणि घरातले बोलणे मराठी. तीन भाषा आपण रोज जगतो आहोत.

तथागतांच्या काळातही हा प्रश्न उभा राहिला होता. विनयपिटकात अशी हकिकत आहे की, यमेळू आणि तेकुल नावाचे दोन ब्राह्मण कुळातले भिक्खू भगवंतांकडे आले आणि म्हणाले, निरनिराळ्या कुळांतले लोक बुद्धवचन आपापल्या बोलीत सांगून बिघडवतात, तेव्हा आम्ही ते छंदस भाषेत बसवतो. भगवंतांनी त्यांची कानउघाडणी केली आणि आपापल्या भाषेत धम्म शिकण्याची अनुज्ञा दिली. यातला बोध आमच्या मते असा की, शब्द महत्त्वाचा, पण तो एकाच वर्गाच्या ताब्यात जाता कामा नये. अडीच हजार वर्षांनंतर हाच बोध इंग्रजीलाही लागू पडतो.

नागपूरची देणगी

नागपूर म्हटले की बाहेरच्या लोकांना दीक्षाभूमी आठवते, आणि ते योग्यच आहे. परंतु १४ ऑक्टोबर १९५६ च्या कितीतरी आधीपासून या शहरात आपल्या समाजाची लेखणी चालू होती. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनी स्वतःचा छापखाना घातला, ‘मजूर पत्रिका’ आणि ‘चोखामेळा’ यांसारखी पत्रे काढली, अभंग आणि पदे लिहिली. कामठीचे बाबू हरदास एल. एन. यांनी ‘जय भीम’ हा अभिवादनाचा शब्द आपल्या समाजात रुजवला. हा शब्द आज कोणत्याही भाषेत भाषांतर न करता जसाच्या तसा वापरला जातो, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढच्या पिढीत डॉ. म. ना. वानखडे अमेरिकेत शिकून आले आणि तिथल्या काळ्या लेखकांच्या साहित्याची ओळख त्यांनी आपल्या तरुणांना करून दिली. नागपुरात जन्मलेले डॉ. गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादेतून ‘अस्मितादर्श’ चालवले आणि खेड्यापाड्यातल्या नव्या लेखकांना पहिल्यांदा छापील अक्षरात आणले. इंग्रजी ही केवळ आपले दुःख बाहेर नेण्याची वाट नाही, बाहेरचा लढा आत येण्याचीही तीच वाट आहे, हे वानखडे सरांच्या उदाहरणावरून कळते. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे अमेरिकन नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, त्यांचे उत्तर आले, आणि १९७२ साली आपल्या तरुणांनी ‘दलित पँथर’ हे नाव घेतले, या साऱ्यामागे हीच वाट आहे.

१९९२ साली अर्जुन डांगळे यांनी संपादित केलेला ‘पॉयझन्ड ब्रेड’ हा आधुनिक मराठी दलित साहित्याचा मोठा इंग्रजी संग्रह निघाला. त्यात नागपूरच्या दोन भगिनींचे लेखन आहे. एक कवयित्री ज्योती लांजेवार. आईवरच्या त्यांच्या कवितेचे इंग्रजी भाषांतर एका व्यक्तीचे नाही. अनेकांनी मिळून ते केले आणि त्यात अमेरिकेच्या अभ्यासक एलिनॉर झेलियट होत्या. राबणाऱ्या मायमाउलीचे ते चित्र परदेशातल्या महाविद्यालयांत शिकवले गेले.

दुसऱ्या कुमुद पावडे. त्यांचे ‘अंतःस्फोट’ १९८१ साली आले. त्यातला आपल्या संस्कृत शिक्षणाचा लेख प्रिया आडारकर यांनी इंग्रजीत नेला. ज्या भाषेचा शब्द कानी पडला तर आपल्या पूर्वजांना शिक्षा सांगितली होती, त्या भाषेत कुमुद सोमकुवर या मुलीने एम.ए. केले. पण नोकरी काही मिळेना. आंतरजातीय विवाहानंतर आडनाव पावडे झाले आणि मग सरकारी महाविद्यालयात संस्कृत शिकवण्याची नोकरी मिळाली. नोकरी विद्येला मिळाली की आडनावाला, हा त्या लेखातला बोचणारा सवाल आहे. कुमुदताई २०२३ साली गेल्या. त्यांचा हा लेख आज जगभरचे विद्यार्थी वाचतात. आमच्या वाचक भगिनींपैकी किती जणींनी तो मूळ मराठीत वाचला आहे?

याच ओघात ‘आम्हीही इतिहास घडवला’ या पुस्तकाचा उल्लेख केला पाहिजे. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या, जुनी कागदपत्रे शोधली आणि १९८९ साली हे पुस्तक सिद्ध केले. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेली महिला परिषद, तिला आलेल्या हजारो बाया, त्यांनी केलेले ठराव, हा सारा इतिहास त्यांनी वाचवला. वंदना सोनाळकर यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर २००८ साली निघाले. ज्या बायांना सहीसुद्धा करता येत नव्हती त्यांची नावे आज परदेशातल्या ग्रंथालयांत आहेत.

‘वस्ती’चे नाव बदलले

आता नागपूरच्या एका पुस्तकाकडे जरा थांबून पाहू. वसंत मून यांचे नाव आपल्याला बाबासाहेबांच्या इंग्रजी ग्रंथसंपदेचे संपादक म्हणून ठाऊक आहे. महाराष्ट्र शासनाने काढलेल्या त्या खंडांपैकी पहिला १९७९ साली आला, आणि पुढची अनेक वर्षे मून साहेबांनी त्या कामासाठी वाहिली. त्यांनी १९९५ साली आपले आत्मकथन लिहिले. त्याचे नाव एकाच शब्दाचे, ‘वस्ती’.

ही वस्ती म्हणजे सीताबर्डीची महारपुरा. या पुस्तकात उपासमार आहे, विटाळ आहे, अपमान आहे. परंतु त्याहून अधिक आहे ते वस्तीचे ताठ उभे राहणे. अखाडे आहेत, समता सैनिक दल आहे, निवडणुकीची धामधूम आहे, शाळेत जाणारी पोरे आहेत आणि शेवटी धम्मदीक्षेचा तो महान दिवस आहे. मून साहेबांनी कुणाची दया मागितली नाही. आम्ही कसे घडलो ते सांगितले.

या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर गेल ऑम्वेट यांनी केले. अमेरिकेत जन्मलेल्या, कासेगावला येऊन राहिलेल्या, भारताचे नागरिकत्व घेतलेल्या आणि २०२१ साली दिवंगत झालेल्या गेलताई आपल्या चळवळीच्या सच्च्या मैत्रीण होत्या. प्रस्तावना झेलियट यांची. २००१ साली अमेरिकेत ते पुस्तक निघाले. त्याचे नाव मात्र झाले ‘ग्रोइंग अप अनटचेबल इन इंडिया’, म्हणजे भारतात अस्पृश्य म्हणून वाढताना.

भाषांतर चांगले आहे आणि ते झाले म्हणून जगाला नागपूर कळले, याबद्दल आपण ऋणीच राहिले पाहिजे. परदेशी वाचकाला ‘वस्ती’ हा शब्द कळला नसता, हेही खरे. तरीसुद्धा आम्हाला वाटते, नावातून वस्ती गेली आणि अस्पृश्य हा शब्द आला, यात काहीतरी हरवले. ‘वस्ती’ म्हणताना लेखक आपल्या माणसांकडे पाहतो. ‘अस्पृश्य’ म्हणताना दुसऱ्याने आपल्याला काय म्हटले ते पुढे येते. पुस्तकाच्या दुकानात फळीवर कोणता शब्द उठून दिसेल हे पाहताना आपल्या तोंडचा शब्द मागे पडतो.

असे इतरत्रही झाले आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’चे इंग्रजी नाव ‘द आउटकास्ट’ झाले. बारा माशांचा एक तोळा. अकरा मासे म्हणजे एक मासा कमी, तोळा पुरा नाही. बापाचे नाव न मिळालेल्या मुलाला गाव याच मापाने तोलत होते. सोनाराच्या तराजूतला हा शब्द इंग्रजीत कसा नेणार? ऊर्मिला पवार यांच्या ‘आयदान’चे तसेच. आयदान म्हणजे बांबूच्या विणलेल्या टोपल्या-सुपे. लेखिकेची आई ते विणून घर चालवी. इंग्रजीत नाव आले ‘द वीव्ह ऑफ माय लाइफ’. वीण राहिली, पण बांबू गेला. बंधुमाधवांच्या ‘विषारी भाकर’ कथेवरून ‘पॉयझन्ड ब्रेड’ हे नाव आले. खळ्यावर राबून, हात पसरून मिळवलेली शिळी भाकर इंग्रजीत ब्रेड झाली. ज्याने भाकर पाहिली नाही त्याच्या डोळ्यांपुढे बेकरीतला पाव येणार.

मात्र सगळीकडे नुकसानच होते असे नाही. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’चे माया पंडित यांनी केलेले भाषांतर २००८ साली आले. त्याचे नाव ‘द प्रिझन्स वी ब्रोक’, म्हणजे आम्ही फोडलेले तुरुंग. फलटणच्या एका लहान दुकानात बसून, घरच्यांपासून वह्या लपवून लिहिणाऱ्या बाईच्या पुस्तकाला हे नाव शोभते. जेरी पिंटो यांनी तर ‘बलुतं’ हा शब्द इंग्रजी पुस्तकावरही तसाच ठेवला. म्हणजे मन असले तर मार्ग निघतो. भाषांतर करणाऱ्याने ज्यांचे दुःख त्यांना विचारून शब्द निवडला, तर शब्द फारसा मरत नाही.

कागद नाही, शाई नाही

छापील पुस्तकाचा मार्ग लांबचा. प्रकाशक मिळाला पाहिजे, भाषांतरकार मिळाला पाहिजे, पैसा उभा राहिला पाहिजे. ‘उपरा’ १९८० साली आले, त्याचे इंग्रजी १९९७ साली. ‘जिणं आमुचं’ १९८६ चे, इंग्रजी २००८ चे. इंग्रजी प्रकाशनाच्या व्यवसायात आपली माणसे फारशी नव्हती, तेव्हा निवड दुसऱ्यांच्या हाती राहिली. मुंबई-पुण्याची नावे आधी पोहोचली, विदर्भाची मागून किंवा पोहोचलीच नाहीत.

मोबाइलवरच्या नियतकालिकांनी हा मार्ग जवळ आणला. अमेरिकेत २००३ साली ‘वर्ड्स विदाउट बॉर्डर्स’ सुरू झाले. जगातल्या निरनिराळ्या भाषांतले साहित्य इंग्रजीतून देणे हे त्याचे काम. आपल्याकडे हैदराबादहून २००५ साली ‘म्यूज इंडिया’ सुरू झाले. भारतातल्या निरनिराळ्या भाषांचे साहित्य इंग्रजीतून देण्याचा त्याने पायंडा पाडला. दलित-बहुजन लेखकांनी स्वतः उभे केलेले ‘राउंड टेबल इंडिया’ हे इंग्रजी व्यासपीठही याच काळातले. तिथे आपल्या तरुणांनी आपल्याबद्दल दुसऱ्यांनी लिहिलेल्या गोष्टींना उत्तरे दिली आणि स्वतःच्या कविता, लेख, आठवणीही दिल्या.

आणि नागपूरचे काय? नागपूरच्याच आंबेडकरी वस्तीत वाढलेले कवी योगेश मैत्रेय यांनी २०१६ साली ‘पँथर्स पॉ’ ही प्रकाशनसंस्था काढली. नावातच पँथरचा पंजा आहे. मराठीतले आंबेडकरी साहित्य आपल्याच माणसांनी इंग्रजीत न्यायचे, असा तिचा रोख. त्यांचे स्वतःचे आत्मकथन २०२३ साली पेंग्विन या मोठ्या प्रकाशनाने काढले, आणि ते मुळातच इंग्रजीत लिहिलेले आहे. बनसोड्यांच्या छापखान्यापासून इथपर्यंतची ही शंभर वर्षांची वाटचाल आहे.

या नियतकालिकांचे काम कसे चालते तेही वाचकांना ठाऊक असावे. बहुधा दोन-चार माणसे आपली नोकरी सांभाळून संपादन करतात. भाषांतर करणारा मूळ मराठी मजकूर, त्याचे इंग्रजी, लेखकाची थोडक्यात ओळख आणि लेखकाची परवानगी असे सारे ई-मेलने पाठवतो. पुष्कळ ठिकाणी मानधन मिळत नाही. परंतु एखादी कविता तिथे वाचून कुणी प्राध्यापक ती शिकवायला घेतो, कुणी प्रकाशक पुस्तकाची विचारणा करतो. दार उघडायला तेवढे पुरे होते.

एक सावधगिरीही सांगतो. असे नियतकालिक बंद पडले, वार्षिक शुल्क भरायचे राहिले, की सारा मजकूर एका दिवसात नाहीसा होऊ शकतो. छापील अंक निदान कुणाच्या तरी पेटीत सापडतो. म्हणून मोबाइलवर आले म्हणजे टिकले, असे समजू नये. छापून एक प्रत घरात आणि एक वाचनालयात ठेवावी.

खरी अडचण घरात

आता थोडे कडू बोलतो, वाचकांनी राग मानू नये. आज आपल्या वस्तीतला रिक्षावाला, बांधकामावरचा कामगार, कारखान्यातला रोजंदार, घरकाम करणारी बाई, सारेच पोटाला चिमटा घेऊन मुलाला कॉन्व्हेंटमध्ये घालतात. त्यात काही वावगे नाही. इंग्रजीने दारे उघडतात हे आपल्याला बाबासाहेबांनीच दाखवले. पण पुष्कळ घरांत असे झाले आहे की, मुलगा इंग्रजी फाडफाड वाचतो आणि आजोबांनी लिहिलेली चार ओळींची चिठ्ठी त्याला वाचता येत नाही. आजीच्या तोंडची गाणी त्याला कळतात, पण लिहून घेता येत नाहीत. भीमजयंतीच्या मंडळात तो नाचतो, आणि वामनदादांच्या गाण्यातला शब्द विचारला तर गप्प बसतो.

असेच चालले तर पंचवीस वर्षांनी काय होईल? ‘वस्ती’ सीताबर्डीतली पोरे इंग्रजीतून वाचतील आणि मून साहेबांनी आपल्या वस्तीला वस्ती म्हटले होते हे त्यांना कुणीतरी सांगावे लागेल. ज्यांची इंग्रजीत गेली ती पुस्तके तरी उरतील. जी गेली नाहीत, ती वाळवीच्या आणि रद्दीवाल्याच्या हाती लागतील. नागपुरात असे किती कवितासंग्रह, किती जलशांच्या वह्या, किती हस्तलिखिते घरांच्या माळ्यावर पडून आहेत! ती लिहिणारी माणसे गिरण्यांत पाळी करून आली, विड्या वळून आली आणि कंदिलाच्या उजेडात बसून लिहीत राहिली.

उलट बाजूने पाहिले तर आपल्या पोरांइतके या कामाला लायक दुसरे कुणी नाही. त्यांना इंग्रजी येते, आणि भाकर म्हणजे काय हे त्यांना शब्दकोशात पाहावे लागत नाही. फक्त मधला दुवा तुटता कामा नये. तो दुवा म्हणजे मराठी वाचता येणे. शाळा ते करत नसेल तर घराने केले पाहिजे.

आपण काय करावे

यासाठी फार पैसा लागत नाही. आम्ही काही गोष्टी सुचवतो.

एक, आठवड्यातून एक संध्याकाळ ठरवा. बुद्धवंदना झाली की एक मराठी पान घरातल्या कुणीतरी मोठ्याने वाचावे. कॉन्व्हेंटमधल्या मुलाने त्यातला मजकूर इंग्रजीत सांगावा. चुकला तर हसू नये. जो शब्द अडेल तो वहीत लिहून ठेवावा. वर्षभरात ती वही आपल्या घराचा शब्दकोश होईल.

दोन, आजी-आजोबा आहेत तोवर त्यांना बोलते करा. धम्मदीक्षेच्या दिवशी कोण कसे गेले, घरातले देव कुणी बाहेर काढले, पंढरी साडी कुणी नेसली, दळताना कोणती गाणी म्हणत, हे मोबाइलवर ध्वनिमुद्रित करा आणि त्याखाली तारीख, नाव, गाव लिहा. ऊर्मिलाताई आणि मीनाक्षीताई यांनी असेच घरोघर जाऊन विचारले, म्हणून १९४२ सालच्या बाया आपल्याला भेटल्या.

तीन, माळ्यावरच्या वह्या खाली काढा. पावसाळ्याच्या आत उन्हात नव्हे, सावलीत वारा द्या. प्रत्येक पानाचे स्वच्छ छायाचित्र घ्या. मूळ वही कुणी कितीही मोठा अभ्यासक आला तरी पोचपावती घेतल्याशिवाय देऊ नका.

चार, हक्क समजून घ्या. आपल्या देशाच्या १९५७ सालच्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे त्याच्या लेखनाचा हक्क त्याच्या वारसांकडे राहतो, आणि भाषांतर करू देण्याचा हक्क त्यातच येतो. म्हणजे वडिलांच्या कविता कुणाला इंग्रजीत न्यायच्या असतील तर त्याने तुमची लेखी परवानगी घ्यायला हवी. परवानगी द्यावी, अडवून बसू नये. पण लेखकाचे नाव ठळक यावे, मूळ मराठी सोबत छापावे, शीर्षक बदलायचे असेल तर विचारावे, या अटी कागदावर घालाव्यात.

पाच, विहारातल्या तरुणांनी एकत्र बसून भाषांतर करावे. ज्योतीताईंची कविता अनेकांनी मिळून इंग्रजीत नेली, हे उदाहरण समोर आहे. एकाला इंग्रजी चांगले, दुसरीला बोली चांगली, तिसऱ्या म्हाताऱ्या माणसाला संदर्भ ठाऊक. तिघांनी मिळून महिन्याला एक कविता केली तरी वर्षाला बारा होतात. त्या तयार झाल्या की पाठवायला आता जागा आहे.

सहा, इंग्रजीत करताना प्रत्येक शब्दाला इंग्रजी कपडे घालण्याची गरज नाही. भाकर भाकरच राहू द्या. वस्ती वस्तीच राहू द्या. बाहेरचा वाचक एकदा अडेल, दुसऱ्यांदा शिकेल. आपण त्यांचे शेकडो शब्द शिकलोच की.

हे सारे करताना मराठी लेखन थांबता कामा नये, हेही सांगून ठेवतो. इंग्रजीत जाण्यासाठी आधी मराठीत काहीतरी लिहिलेले असावे लागते. आमच्या कुटुंब पानाकडे वाचकांची पत्रे, कविता, आठवणी येतात. त्या येत राहाव्यात. पुढच्या अंकापासून ज्या घरातली मुलगी किंवा मुलगा आपल्या आजीची एक आठवण मराठीत लिहून आणि इंग्रजीत उतरवून पाठवील, त्यांचे मराठी आम्ही या पानावर छापू आणि इंग्रजी मोबाइलवरच्या नियतकालिकाकडे कसे पाठवायचे ते कळवू. मजकूर दोन पानांहून मोठा नसावा. आजीचे नाव आणि गाव लिहायला विसरू नये.

जय भीम.